आपल्या नावावर

दार उघडून ती ऑफिसात आली आणि उंबऱ्यातच थबकली. खिडकीजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात माणसाएवढी उंच दोन काळी कपाटं उभी होती. जाळीच्या दारांमागे हिरवे दिवे लुकलुकत होते, आतून पंख्यांची घरघर येत होती. तिचा दीर, म्हणजे धंद्यातला तिचा भागीदार, शर्टाच्या बाहीने एका कपाटावरची धूळ पुसत होता.

"हे काय, भाऊजी?"

सर्व्हर ठेवायची कपाटं आहेत, एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडून आजच्यापुरती मागून आणलीत, असं तो म्हणाला. आत दिवे आणि पंखे, बाकी ठणठणगोपाळ. प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई आज ऑफिस बघायला येणार आणि त्यांना दिसणार काय, तर दोन टेबलं, दोन लॅपटॉप आणि एक डगमगणारी खुर्ची.

"गिऱ्हाइकाला डोळ्यांनी काहीतरी दिसावं लागतं, वहिनी."

त्यांच्या धंद्यात डोळ्यांनी दिसण्यासारखं काही नव्हतंच. एका मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक भाड्याने घ्यायची, तिचे लहान लहान वाटे करायचे आणि आपल्या नावावर लोकांच्या वेबसाइट तिथे चालवायच्या. बेकरीवाला, गाडी शिकवणारे मास्तर, चष्म्याचं दुकान, अशी एकेक गिऱ्हाइकं जमत गेली होती. धंदा आता स्वतःच्या पायावर उभा होता. पण प्रयोगशाळेचं काम वेगळं होतं. शहरभरातले लोक आपल्या रक्ताचे रिपोर्ट तिथल्या वेबसाइटवर बघत. हे एक काम हाती लागलं की पुढची मोठी कामं आपली आपण जिना चढून येतील, असं दीर कितीतरी दिवस म्हणत होता, आणि ते तिलाही पटत होतं.

कपाटं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, असं ती म्हणणार, तोच जिन्यावर पावलं वाजली.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, मोजकं बोलणाऱ्या. बसायच्या आधी त्या सरळ कपाटांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दीर लगबगीने त्यांच्या बाजूला गेला आणि सांगू लागला. यात अमुक, त्यात तमुक, वीज गेली तरी हे बंद पडत नाही. बोलता बोलता तो इतका रंगात आला, की त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं असावं.

तोंड उघडलं तर काम हातचं जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण आज गप्प बसलं तर उद्या या बाईंचा फोन आला की पुन्हा खोटं बोलावं लागणार, परवा आणखी एकदा. ती उठली, भिंतीशी गेली आणि प्लग उपटला. दिवे विझले. पंखे हळूहळू थांबले.

"त्यात काही नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "आमच्याकडे आमचा एकही सर्व्हर नाही."

दीर खिडकीबाहेर बघू लागला.

मग तिने हातचं काही न राखता सगळं सांगितलं. जागा कोणाची, ती कोणत्या कंपनीकडून घेतो, त्यावर आपला नफा किती ठेवतो, तेसुद्धा. डॉक्टरबाई ऐकत होत्या. चेहऱ्यावरून काही थांग लागत नव्हता.

"मग मी थेट त्या कंपनीकडेच का जाऊ नये?"

"जाऊ शकता. चांगली कंपनी आहे, म्हणून तर आम्ही तिच्याकडून घेतो. पण रिपोर्ट उघडेनासे झाले, तर तिथे आधी तुम्ही कोण ते समजावत बसावं लागेल. इथे फोन मी उचलते, आणि तुम्ही कोण ते मला माहीत असतं."

"आणि उद्या ती कंपनीच बुडाली तर?"

या प्रश्नावर तिचा आवाज मोकळा झाला. हे तिचं रोजचं काम होतं. प्रत्येक वेबसाइटची एक नक्कल ती वेगळ्या ठिकाणी ठेवत होती. सुरुवातीला ज्या कंपनीकडून जागा घेतली होती, ती सारखी बंद पडायला लागली, तेव्हा तिने सगळी गिऱ्हाइकं उचलून या नव्या कंपनीकडे आणली होती. चष्मेवाल्यांना तर त्याचा पत्ताही नव्हता. यांच्याकडे कधी काही बिघडतच नाही, असं ते अजून चारचौघांत सांगत होते.

डॉक्टरबाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.

"आमच्या बऱ्याच अवघड तपासण्या आम्हीही बाहेर पाठवतो," त्या म्हणाल्या. "तेवढी यंत्रं आमच्याकडे नाहीत. पण रिपोर्टवर सही माझी असते. काही चुकलं तर माणूस माझ्याच दारात येतो." मग त्या दिराकडे वळल्या. "दिवे मात्र छान होते हं तुमचे."

तो कानापर्यंत लाल झाला आणि चहा सांगायच्या निमित्ताने खाली पळाला.

आता दोघीच राहिल्या. कामाला कधी हात घालायचा, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. वेबसाइट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आणायची म्हणजे थोडी निवांत वेळ लागते, असं तिने सांगितलं.

"तुमच्याकडे रिपोर्ट कोणीच बघत नाही, अशी वेळ कोणती?"

डॉक्टरबाई विचारात पडल्या.

"अशी वेळ नसते," त्या शेवटी म्हणाल्या. "घाबरलेलं माणूस कधीही बघतं."

तिने मान डोलावली आणि लॅपटॉप पुढे ओढला.

"मग एक मिनिटही बंद न ठेवता आणू."