चुरचुर

धाकटी जाऊ थोरलीच्या डोळ्यांत खुपायची. म्हणून एका रात्री थोरलीने तिच्या लेन्सच्या डबीतली चकती गुपचूप काढून घेतली. त्या चकतीवर फेसाळूनच डबीतलं लेन्स धुवायचं पेरॉक्साइड सकाळपर्यंत निवायचं, नाहीतर ते डोळा जाळायचं.

सकाळी लेन्स लावताच धाकटी किंचाळली. "तुझी नेहमीचीच धांदल, बाई," थोरली म्हणाली. डोळा गेला. पुढे खंगून धाकटीही गेली.

आज बेसिनपाशी धाकटीची तीच डबी होती आणि आत फेस चुरचुरत होता. थोरलीने तिरमिरीत ती उपडी केली. आत थेंबसुद्धा नव्हता.

चुरचुर मात्र चालूच राहिली, अगदी जवळून.

"अगं," नवरा तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "तू लेन्स कधीपासून लावायला लागलीस?"