गावाचं नाव

“हा इसम आमच्या गावचा न्हाई. असं लिवा गुरुजी, आन् मिटवून टाका,” सरपंच किशनराव म्हणाले.

नागनाथ गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं. मारुतीच्या पारावर सारा गाव गोळा झाला होता. पायरीखाली, मेंढ्यांमधून तशीच उठून आलेली म्हाळसाबाई उभी होती. कागद तिच्या लेकाबद्दल होता, रायभान पैलवानाबद्दल.

दोन महिन्यांमागं तो आखातातल्या कुस्त्यांना निघाला, तेव्हा याच पारावरून हलगी कडाडली होती. चाळीस उंबऱ्यांचं गाव, राणीसावरगावच्या बाजाराला पायी जाणारं. त्याचा माणूस विमानात बसला. आणि तिकडं उतरल्या पावली त्याला धरला. ‘परभणीचा पैलवान अफूसह अटकेत’ असं पेपरात आलं. तालमीतला त्याचा फोटो भिंतीकडं तोंड करून टांगला गेला. म्हाळसाबाईच्या मेंढ्या कुणी शेतात बसवून घेईना. “अफू खाल्लेल्या मेंढ्यायचं खत नगं बाई,” कस्तुराबाई भर पाणवठ्यावर म्हणाली, “पीक डुलक्या घेईल आमचं.” बाया तोंडाला पदर लावून हसल्या. म्हाळसाबाई रिकामी घागर घेऊन परतली.

आता हा कागद. पासपोर्टावर पत्ता परभणीच्या तालमीचा होता. तालमीनं तो या गावचा म्हणून सांगितलं, तसा कागद गंगाखेडला आला. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांपायी एस.टी. बंद, म्हणून आठ दिवस कचेरीत पडून राहिला. तिकडच्या आपल्या वकिलातीनं एवढंच विचारलं होतं, की हा माणूस तुमच्या गावचा आहे काय? गावानं ओळख दिली, तर त्याच्यासाठी वकील उभा करता येईल. नाही दिली, तर चार वर्षं कैद.

“सरपंच,” म्हाळसाबाई म्हणाली, “न्हाई म्हणायचं तर म्हणा. पर आधी समदा कागद वाचा. लेकराजवळ अफू घावली म्हंता. म्या जल्मात अफू पाह्यली न्हाई. दिसती कशी ती?”

गुरुजींनी चष्मा सारखा केला. “‘जप्त माल : अफूचे बी. रंग पांढुरका, दाणा मोहरीहून बारीक. वजन दीड किलो. हिरव्या खणाची पिशवी, तोंडाला काळ्या लोकरीची दोरी.’”

काळी लोकर. म्हाळसाबाईचा हात कमरेला खोवलेल्या टकळीकडं गेला. ती दोरी तिनंच वळली होती.

“अवो, ती तर खसखस हाय!” ती ओरडली. “थंडाईची! पैलवानाच्या खुराकाची!”

कुणीतरी फिसकन हसलं. “आता खसखशीला बी बेड्या घाला म्हणावं.”

“हसू नगा रे.” म्हातारा आश्रुबा काठीवर जोर देत उठला. “निजामाच्या टायमाला गंगाखेडात अफूचं दुकान व्हतं. बाप माझा रोजचा गिऱ्हाईक. त्यानं सांगितलेलं ध्यानात हाय. बोंडाला चिरा दिल्या की चीक गळतो, ती अफू. आन् तेच बोंड वाळवून फोडलं, की आतून निघती ती खसखस. एका आईची लेकरं हायती दोघं. तिकडच्यांनी खसखशीला बी अफूच धरलं आसंल.”

 दूर मेंढ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

म्हाळसाबाईला लेक निघायच्या आदली सांज आठवली. तिनं पिशवी धरली होती, आणि घरटी एक बाई खसखशीची मूठ घेऊन येत होती. मूठ सोडताना गात होती :

*मूठ मूठ घाला बाई, माझ्या वाघाच्या खुराकाला*
*सारा गाव संगं निघं, दर्यापल्याडच्या कुस्तीला*

“म्या दोन मुठी घातल्या व्हत्या,” कस्तुराबाई म्हणाली. 

“आमची बी एक.”

“आमची बी.”

“पैली मूठ आपल्या घरची हाय धनी,” गर्दीतून सरपंचांची कमलबाई म्हणाली.

किशनरावांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. “मंग तर सही नगंच! उद्या गावाचं नाव तिकडं गेलं, तर समद्यायला नेतील बांधून. गुरुजी, न्हाई म्हणून लिवा. घाई करा.”

गुरुजींनी पेन टेकवलं नाही. ते कागदाच्या तळाशी पाहत होते.

“खाली अजून काही लिहिलंय,” ते म्हणाले, आणि शाळेत धडा वाचावा तसं हळूहळू वाचू लागले. “‘माल कोणी दिला हे सांगितल्यास शिक्षा कमी होईल, असे आरोपीस बजावले. आरोपी म्हणतो, घरटी एक मूठ घालून सबंध गावाने दिला. गावाचे नाव विचारले असता बोलत नाही. तीन वेळा विचारले. बोलत नाही.’”

 दर्यापल्याड, परक्या भिंतींच्या आत, परक्या बोलीच्या शिपायांपुढं एक माणूस उभा होता. चाळीस उंबरे, त्यातल्या बाया, म्हातारे, पाळण्यातली लेकरं त्यानं ओठांच्या आड घेतली होती. म्हाळसाबाईनं तोंडाला पदर लावला. तिच्यामागं एकेक बाई येऊन उभी राहिली, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

किशनरावांनी पायातल्या वहाणा काढल्या. डोईचा पटका उतरवून मांडीवर घेतला. 

“गुरुजी,” ते म्हणाले, “सही मागून करतो. आधी गावाचं नाव लिवा. ठळक लिवा.”