कापसाचा बोळा

चौसाळ्याच्या रानात लांडगा-कोळ्याची नवी जात सापडली, म्हणून प्राध्यापक सोमेश्वर सर लई खूश होते. बरणीत धरलेल्या मादीचं अंग नीट बघायला त्यांनी तिच्या मागं चिकटलेली अंड्यांची पिशवी चिमट्यानं काढली. मादी पिशवी शोधत बरणीत सैरावैरा पळायला लागली. पोटाला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बबिताकडून सरांनी बोळा मागून घेतला आणि बरणीत टाकला. मादीनं तोच मागं चिकटवला आणि शांत झाली.

"बघ बबिता, कशी येडी! पिशवी समजून कापूस घेऊन हिंडतीय." सर पोट धरून हसले.

बबितानं पोटावरची ओटी सारखी केली.

"ऊसतोडीत पाळीचा खाडा नको म्हणून मुकादमानं माझी गर्भपिशवी काढायला लावली, सर. तवापास्नं मी बी कापूसच घेऊन हिंडते."