बिनमिठाचं कोहळं

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण वर्षाने आणलेली एकही भाजी सासूच्या नजरेत भरली नव्हती. राळेगावच्या बाजारातून ती आली की सासू जमनी, घरातल्या सगळ्यांची ‘याडी’ म्हणजे आई, पिशवी पालथी करायची आणि एकेक जिन्नस मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांनी उचलायची. “हे अंबाडी हाय का ढोराचं कुटार? सीताफळाचे डोळे उघडले नाही, अन् तुह्येबी नाही. तुह्या मायनं तुले बाजार दाखवलाच नाही वाटते!” तिचा तोरा असा, की जावयाच्या घरचं कोहळंसुद्धा ती टिचकी मारून नापास करायची.

दसऱ्यानंतर यवतमाळच्या दवाखान्यातून परतल्यापासून मात्र म्हातारी नुसती छताकडे पाहत पडून होती. चार दिवस वर्षाने वाट पाहिली. पाचव्या दिवशी तिने मुद्दाम पाणचट कोहळं निवडून आणलं, भाजीत मीठ टाकलंच नाही, आणि ताट पुढे करून बोलणी खायला तयार बसली.

याडीने सगळी भाजी खाल्ली. “चांगली झाली, बाई,” ती म्हणाली.

वर्षाने शेतात नवऱ्याला फोन लावला. “हातातलं काम टाका अन् आत्ताच घरी या. याडीनं मले चांगलं म्हटलं.”