टिकेकरांचं गोडजेवण

दिगंबर टिकेकरांच्या गोडजेवणाला हेमलता अनोळखी माणसांच्या पंगतीत बसली होती. वर्षापूर्वी तिला शुगर निघाली, तेव्हा इस्पितळाने मनगटावर साखर मोजणारा, बोलणारा पट्टा बांधला. "धीर द्यायला मशीन नको, माणूस द्या," असा हट्ट तिने धरला, म्हणून त्याच दुखण्याचे एक रुग्ण, टिकेकर, पट्ट्यावरून तिला जोडून दिले. भेट कधी झाली नाही, पण साखर वाढली की पट्ट्यातून त्यांचा आवाज यायचा. तिच्या घरात दुसरं बोलणारं कुणी नव्हतं. पंधरा दिवस साखर वाढली नव्हती, पट्टा गप्प होता; मग पेपरात त्यांच्या निधनाची बातमी वाचून ती रडतच आली होती.

आग्रहाला नाही म्हणवेना. दोन जिलब्या खाल्ल्या. निघताना ती त्यांच्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, भाऊ बोलायचे म्हणून मी तगले हो."

वहिनी म्हणाल्या, "अहो, अर्धांगवायूनं त्यांची वाचा तीन वर्षांपूर्वीच गेली होती."

तेवढ्यात पट्टा थरथरला. "हेमाताई, गोड खाल्लंत ना? घाबरू नका, मी आहे."

"हा यांचा आवाज नव्हे," वहिनी पुटपुटल्या.

हेमलताने पट्टा काढायला हात नेला आणि तो तसाच पट्ट्यावर ठेवला.

"दोनच खाल्ल्या, भाऊ," ती म्हणाली.