अकरा सामने

फेब्रुवारीत, फ्लोरिडातल्या हॉटेलात, पगार ठरवणाऱ्या लवादासमोर मला व्यवस्थापनातर्फे आमच्याच बेसबॉल संघाच्या कॅचरची किंमत पाडायची होती. त्यानं मागितलेला पगार मान्य झाला, तर पुढच्या हंगामासाठी नवा पिचर घेता येणार नव्हता. कॅचर समोरच बसून ऐकत होता, नियमच तसा. मी वाचलं, “जूनमध्ये अकरा सामने गैरहजर.” “कारण?” लवादानं विचारलं. त्याची मुलगी अपुऱ्या दिवसांची जन्मली होती. विमानतळावर मीच त्याला सोडलं होतं; “जा रे बाबा, सामने कोण मोजतंय?” म्हणालो होतो. आता सांगितलं, “वैयक्तिक.” त्याचा वकील ताडकन उठला. कॅचरनं त्याला बाहीला धरून बसवलं. “राहू दे. नोकरी आहे त्याची.” सुनावणीनंतर त्यानं माझ्यासाठी लिफ्टचं दार अडवून धरलं. मी जिन्यानं उतरलो. खाली तो मोबाइल पुढे करून उभा. “विचारलंच नाहीस. बघ, दोन दात आलेत तिला.”