डोळ्यांदेखत

"कप ऑफ टी म्हणजे चहाचा कप नव्हे!" सर फळ्यावर खडू आपटत ओरडले. "नॉट माय कप ऑफ टी, म्हणजे मला न रुचणारी गोष्ट. इथे चहा पाजायला नाही बसलो मी!"

मोठ्या माणसांच्या त्या संध्याकाळच्या वर्गात कुणी हसलं नाही. नर्सबाईंनी मान खाली घातली. बेकरीवाला उगाच खोकला. दिवसभर राबून, चार वाक्यं इंग्रजी यावीत म्हणून येणारी ही माणसं. सर त्यांना तोंडावर मठ्ठ म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते विचारूच नका.

सरांची एक पद्धत होती. प्रत्येक वाक्प्रचारावर एकेकानं आपल्या आयुष्यातला खरा प्रसंग सांगायचा आणि सरांनी त्याची सालं काढायची. सुरुवात ते स्वतःपासून करत. त्यात बळी अर्थातच त्यांच्या बायकोचा जायचा.

"आज सकाळचंच घ्या. बाईसाहेबांनी चहा दिला तो स्टीलच्या पेल्यात! कप कुठेत म्हटलं, तर म्हणे, गेले. फोडले असणार वेंधळीनं! असल्या बाईशी संसार करणं इज नॉट माय कप ऑफ टी." दाढी करताना हनुवटीवर कापलं होतं, तिथे बोट लावत सर एकटेच हसले.

मग त्यांनी पुढचा वाक्प्रचार घेतला. "राइट अंडर युवर नोज. अगदी नाकाखाली असून न दिसणं. आपण डोळ्यांदेखत म्हणतो ना, तसं. हं, टेम्पोवाल्या, ऊठ. काही घडलंय का आयुष्यात, की नुसती ओझीच वाहिलीस?"

टेम्पोवाला उठला. लोकांची घरं हलवून देणं हा त्याचा धंदा.

"सर, एक बाई आहेत. घर सोडून चालल्यात. नवरा कामाला गेला की मला बोलावतात. थोडं थोडं सामान नेतो मी. शिलाई मशीन नेलं, गाद्या नेल्या, भिंतीवरचा आरसासुद्धा नेला. नवऱ्याला पत्ताच नाही."

"पत्ता नाही?" सर खो खो हसत सुटले. "घर रिकामं होतंय आणि त्या ठोंब्याला दिसत नाही? अरे, माणूस आहे की खांब?"

"त्यांची आरामखुर्ची तेवढी हलवू नका म्हणाल्यात. ती गेली तरच त्यांना कळेल म्हणे."

यावर मात्र अख्खा वर्ग हसला.

"मारतो का हो तो?" नर्सबाईंनी विचारलं.

"छे! पण इतक्या वर्षांत एक शब्द धड बोलला नाही म्हणतात. बाई बोलल्या तर मूर्ख, गप्प बसल्या तर घुम्या." टेम्पोवाल्यानं मान खाजवली. "सर, आज शेवटची खेप आहे. माझा भाऊ टेम्पो घेऊन त्यांच्या दारात थांबलाय. पण बाईंचा पाय निघत नाहीये. मला म्हणाल्या, तुमच्या ओळखीतल्या सगळ्यात शहाण्या माणसाला विचारा. तो थांब म्हणाला, तर मी थांबते."

सरांची छाती फुगली. चला, या मठ्ठांना निदान शहाणा कोण ते कळतं म्हणायचं!

"यात विचारायचं काय? असल्या गाढवाला बायको मिळाली हीच चूक झाली. बसू दे बोंबलत! लाव फोन, आत्ता, सगळ्यांसमोर. सांग, सर म्हणाले निघा."

टेम्पोवाल्यानं फोन लावला. "बाई, सर म्हणाले, निघा." त्यानं पलीकडचं बोलणं ऐकून घेतलं. मग फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या?" बेकरीवाल्याला राहवेना.

"सरांचे आभार मानायला सांगितलेत."

वर्ग सुटला. सर शीळ घालत घराकडे निघाले. आज बायकोला हा किस्सा सांगायचाच. जगात कसले कसले नवरे असतात ते तिलाही कळू दे, म्हणजे आपल्या नशिबाची किंमत कळेल.

त्यांनी बेल वाजवली. दार उघडलं नाही. "बहिरी झाली की काय?" म्हणत त्यांनी किल्ली फिरवली आणि आत जाऊन दिवा लावला.

खोलीत मधोमध त्यांची आरामखुर्ची तेवढी होती.